बिननावाची चिठ्ठी ते आधारची झेरॉक्स : ऑनलाइन जुगारातील ओळख आणि खासगीपणा

ऑनलाइन जुगारात पहिला डाव लावण्याआधी खेळणाऱ्याला आपली ओळख द्यावी लागते. मोबाइल क्रमांक, त्यावर आलेला ओटीपी, नाव, जन्मतारीख, पॅन, आधार, बँकेचे खाते किंवा यूपीआय, काही ठिकाणी कॅमेऱ्यासमोर काढलेला चेहऱ्याचा फोटो आणि फोन त्या क्षणी कुठे आहे ते ठिकाण, एवढे सगळे एका ॲपच्या हाती जाते. खेळ सुरू झाला की त्यात भर पडत राहते. रात्री किती वाजता फोन उघडला, किती रुपये टाकले, किती हरल्यावर पुन्हा टाकले आणि कुठे थांबले, याची नोंद होते. पहिली माहिती कागदोपत्री ओळखीची, दुसरी माणसाच्या स्वभावाची. कायदे आणि चर्चा बहुतेक पहिलीभोवती फिरतात. दुसरी अधिक नाजूक असते, कारण आधार क्रमांकावरून माणूस कोण आहे एवढेच कळते. डावांच्या नोंदीवरून तो कुठे कमजोर आहे हे कळते.

महाराष्ट्रातल्या जुगाराला फार काळ नावगावाची गरज पडली नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकांत ‘कल्याण मटका’ आणि पत्त्यांचा ‘तिरट’ ही नावे आजही नेमाने येतात. टपरीच्या आडोशाला छापा, जुगाराचे साहित्य व रोख रक्कम जप्त, महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याचे कलम १२(अ), असा तो ठरलेला मजकूर असतो. मटक्याचे मूळ मुंबईचे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना जो भाव निघे, त्याच्या आकड्यावर मुंबईत पैज लागत असे. तो मार्ग बंद झाल्यावर १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीत स्वतःचा मटका सुरू केला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी दुसरा. पत्ते काढून आकडा ठरू लागला, तरी ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द कापूस बाजाराचेच राहिले. या धंद्याचा सगळा कारभार चिठ्ठीवर चाले. तिच्यावर आकडा असे, रक्कम असे, नाव नसे. आकडा घेणारा लावणाऱ्याला तोंडाने ओळखत होता आणि उधारीही त्याच ओळखीवर मिळे. छापा पडला की चिठ्ठी फाडून टाकता येत होती.

१८८७ चा मूळ मुंबई कायदाही याच जगासाठी लिहिला गेला. त्याची कलम ४ आणि ५ अड्डा चालवणाऱ्याला आणि अड्ड्यावर सापडणाऱ्याला धरतात. कलम १२ रस्त्यावरच्या जुगाऱ्याला धरते. म्हणजे जुगाराला जागा असते आणि जुगारी तिथे प्रत्यक्ष हजर असतो, हे त्यात गृहीत आहे. १९६९ साली सुरू झालेली राज्य सरकारची लॉटरीसुद्धा तिकीट हातात असेल त्याची होती. ओळखपत्राचा प्रश्न मोठे बक्षीस लागल्यावरच येई. फोनवरच्या जुगाराने हे गृहीतक उलटे केले. जागा नाहीशी झाली आणि माणसाची नोंद मात्र कायमची झाली.

जुगाऱ्याची ओळख तपासावी या मागणीमागे रास्त कारणे आहेत. अल्पवयीन मुलाला आत येऊ द्यायचे नाही, एका माणसाने दहा खाती काढून इतरांना फसवू नये, काळा पैसा डावातून पांढरा होऊ नये, जिंकलेल्या रकमेवर कर मिळावा आणि ज्याने स्वतःहून खेळ बंद करून घेतला आहे तो दुसऱ्या नावाने परत येऊ नये. ब्रिटनच्या जुगार आयोगाने मे २०१९ पासून वय आणि ओळख पटल्याशिवाय डाव लावू देण्यास ऑनलाइन कंपन्यांना मनाई केली. तोवर काही कंपन्यांची रीत अशी होती, की पैसे भरताना कुणी काही विचारत नसे आणि जिंकलेले पैसे काढायला गेले की कागदपत्रांची मागणी सुरू होई. पडताळणी कोणत्या क्षणी केली जाते यावरून तिचा खरा हेतू ओळखता येतो, हा त्या नियमामागचा धडा भारतातही लागू पडतो. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोंच्या दारावर ओळखपत्राला आणखी एक काम आहे. गोवेकरांनी आत जाऊ नये असा २०२० पासूनचा सरकारी नियम असल्याने तिथे पाहुणा आपण कोण आहोत याबरोबरच आपण इथले नाही हेही सिद्ध करतो.

भारतात फोनवरून ओळख पटवण्याची सोय आधारमुळे आली, आणि आधारची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात वाटले गेले. सरकारी लाभ योग्य माणसाला मिळावा हा तेव्हाचा उद्देश. पुढे मोबाइल कंपन्या, बँका, पाकीट-ॲप असे सगळेच आधार मागू लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टास्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार कायद्याच्या कलम ५७ मधला, खासगी कंपन्यांना आधारची सक्ती करू देणारा भाग रद्द झाला. २०१९ च्या दुरुस्तीने स्वखुशीने दिलेले आधार पुन्हा चालू लागले, आणि जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने व्हिडिओवरून केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख-पडताळणी, करण्यास परवानगी दिली. कागदावर आधार ऐच्छिक आहे. प्रत्यक्षात ‘पुढे जा’ हे बटण आधार दिल्याशिवाय उजळत नसेल, तर त्या स्वखुशीचा अर्थ काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात या स्वखुशीला आणखी एक पदर आहे. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाख होती आणि नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. इथल्या माणसाने ‘केवायसी’ हा शब्द जुगाराच्या ॲपवर शिकलेला नाही. तो रेशन दुकानात शिकला, जनधन खात्यासाठी बँकेच्या रांगेत शिकला, पीएम किसानच्या हप्त्यासाठी आणि लाडकी बहीण योजनेसाठी सेतू केंद्रात शिकला. पीक विम्याला सातबारा, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स जोडायची, ओटीपी आला की केंद्रचालकाला सांगायचा, ही सवय वर्षानुवर्षांची. कागद दिले नाहीत तर पैसे अडतात, हा अनुभव पक्का आहे. कागद दिल्याने पैसे गेले हा अनुभव त्या मानाने नवा. आधारच्या नुसत्या झेरॉक्सा वाटू नका, शेवटचे चार अंकच दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ द्या, असे पत्रक आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने मे २०२२ मध्ये काढले आणि दोनच दिवसांत सरकारने ते मागे घेतले. गैरसमज होऊ नये हे कारण देण्यात आले. सल्ला मात्र चुकीचा नव्हता.

पैसे लावून खेळायच्या ॲपना महाराष्ट्रात उघडपणे व्यवसाय करता आला तो कौशल्य आणि नशीब या भेदामुळे. १८८७ च्या कायद्याचे कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट देते. या धाग्यावर मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०१९ रोजी गुरदीप सिंग सच्चर प्रकरणात ‘ड्रीम११’चा काल्पनिक क्रिकेटचा खेळ जुगार नाही असे म्हटले. त्यानंतरच्या सहा वर्षांत या धंद्याभोवती ओळख-पडताळणीची चौकट हळूहळू उभी राहिली, पण ती उभी केली मुख्यतः करखात्याने. १ एप्रिल २०२३ पासून प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९४-बीए नुसार निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कापणे बंधनकारक झाले. त्यासाठी पॅन हवे. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. ६ एप्रिल २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत, पैसे स्वीकारण्यापूर्वी बँकांसारखीच केवायसी करावी असे लिहिले गेले खरे, पण ते नियम ज्या स्वनियमन संस्थांवर अवलंबून होते त्यांना मान्यताच मिळाली नाही. करवसुलीची बाजू लागू झाली, खेळणाऱ्याच्या संरक्षणाची कागदावर राहिली. या क्रमाकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

ठिकाणाची तपासणी हा या काळातला एक चमत्कारिक भाग होता. जुगार हा राज्यांचा विषय असल्याने प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. तेलंगणाने २०१७ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कर्नाटकाची बंदी ५ ऑक्टोबर २०२१ ला लागू झाली आणि १४ फेब्रुवारी २०२२ रोजी तिथल्या उच्च न्यायालयाने ती रद्द केली. धाराशिवचा उमरगा तालुका कर्नाटकातल्या बसवकल्याण आणि आळंदला लागून आहे. बाजारहाट, सोयरीक, दवाखाना यांसाठी दोन्हीकडच्या लोकांचे रोजचे येणेजाणे. त्या चार महिन्यांत उमरग्यात जे कायदेशीर होते ते काही किलोमीटरवर गुन्हा होते आणि हा फरक पाळण्याचे साधन एकच, फोनचे जीपीएस. कायदा पाळला जावा म्हणून माणूस सतत कुठे आहे हे कंपनीला कळत राहावे, अशी ही व्यवस्था. ठिकाणाची परवानगी एकदा दिली की ती परत काढून घेणारे थोडेच.

आता डावांच्या नोंदीकडे. चिठ्ठी घेणाऱ्याला शे-दोनशे गिऱ्हाइकांच्या सवयी तोंडपाठ असत. ॲपला कोट्यवधींच्या असतात आणि त्या विसरल्या जात नाहीत. पगाराच्या दिवशी कोण जास्त लावतो, सलग हरल्यावर कोण दुप्पट करतो, दोन आठवडे न फिरकलेल्याला किती रुपयांचा ‘बोनस’ पाठवला तर तो परत येतो, हे हिशेब त्या नोंदीतून निघतात. सावरू पाहणाऱ्या माणसाला नेमका मोहाच्या क्षणी संदेश जातो तो योगायोगाने नाही. अशी नोंद फुटली तर काय होते याचा नमुना जानेवारी २०१९ मध्ये दिसला. एका ऑनलाइन कॅसिनो समूहाचा विदासाठा पासवर्डविना इंटरनेटवर उघडा असल्याचे एका सुरक्षा संशोधकाला आढळले. त्यात १० कोटी ८० लाख डावांच्या नोंदी होत्या, सोबत खेळणाऱ्यांची नावे, पत्ते, फोन क्रमांक आणि जिंकलेल्या रकमा. कोण नुकताच मोठी रक्कम जिंकला आहे आणि तो कुठे राहतो, हे एकाच यादीत वाचायला मिळत होते.

न्यायालयात ओळखीची सक्ती आणि खासगीपणा यांचा प्रश्न सर्वांत थेट आला तो तमिळनाडूत. तिथल्या ऑनलाइन गेमिंग प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये आधारवर आधारित पडताळणी सक्तीची केली आणि मध्यरात्री बारा ते पहाटे पाच पैशांचे खेळ बंद ठेवायला सांगितले. रमीच्या कंपन्यांनी, त्यांत मुंबईतली एक मोठी कंपनीही होती, खासगीपणाच्या हक्काचा आधार घेऊन आव्हान दिले. ३ जून २०२५ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने नियम कायम ठेवले. लोकांच्या आरोग्यासाठी खासगीपणावर वाजवी बंधन घालता येते, असे न्यायालयाचे म्हणणे. खेळणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवणाऱ्यांनी त्याच्या खासगीपणाची कड घ्यावी, यातला विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा खरा होता: आधार नसेल तर दुसरा पर्याय काय?

त्याच महिन्यात धाराशिव तालुक्यातल्या एका कुटुंबातील तिघांच्या मृत्यूची आणि त्यामागे ऑनलाइन रमीतून झालेले कर्ज असल्याची बातमी राज्यभर आली. अशा घटनांनंतर ‘केवायसी कडक करा’ अशी मागणी होते. पण प्रौढ माणूस स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या फोनवर खेळत असेल, तर कितीही कडक पडताळणीत तो उत्तीर्णच होतो. ‘तू कोण’ हे ती विचारते. ‘तुला हे झेपते का’ हे विचारत नाही. हा दुसरा प्रश्न ब्रिटनने विचारायला घेतला. ऑगस्ट २०२४ पासून महिन्याला ५०० पौंडांहून अधिक, आणि फेब्रुवारी २०२५ पासून १५० पौंडांहून अधिक निव्वळ रक्कम भरणाऱ्याची आर्थिक अडचणीच्या दृष्टीने तपासणी होते. दिवाळखोरी, कोर्टाने बजावलेली देणी अशा सार्वजनिक नोंदी त्यासाठी पाहिल्या जातात. त्यावर तिथे वाद आहे, कारण माणसाला वाचवायचे तर त्याच्या खिशात डोकवावे लागते. संरक्षण आणि खासगीपणा इथे एकमेकांच्या विरोधात उभे राहतात आणि दोन्ही पूर्णपणे साधणारा तोडगा कुणाकडे नाही. मराठवाड्यात तर खासगी सावकाराचे, उचलीचे आणि पाहुण्यांकडून घेतलेले कर्ज कोणत्याही नोंदीत नसते. तिथे ब्रिटिश पद्धतीची तपासणी जवळजवळ आंधळी ठरेल.

पडताळणीची दुसरी मर्यादा घरातच दिसते. अनेक घरांत चांगला फोन एकच, सिम वडिलांच्या नावाचे, बँकेचे खाते आईचे. बारावीतल्या मुलाने वडिलांचे आधार टाकले, त्यांच्याच फोनवर आलेला ओटीपी भरला, तर यंत्रणेच्या लेखी खेळणारा पन्नास वर्षांचा शेतकरी असतो. चेहऱ्याचा फोटो मागितला तरी वडिलांना ‘शाळेच्या कामाला हवा आहे’ असे सांगता येते. पुढे कर, नोटिसा, गोठलेले खाते हे सगळे वडिलांच्या नावावर येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात दुसऱ्याच्या नावाने माहिती न देण्याचे कर्तव्य नागरिकावर टाकले आहे आणि ते मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मुलाच्या चुकीपायी घराला हा दंड भरावा लागणे शक्य आहे. ज्या ॲपने डोळे मिटून ते आधार स्वीकारले, त्याची चूक सिद्ध करणे कितीतरी अवघड.

इथवर ज्यांचा विचार केला ती नोंदणीकृत कंपन्यांची ॲप होती. बेकायदा बाजाराची रीत निराळी आहे, आणि खासगी माहितीचे खरे हाल तिथे होतात. क्रिकेटच्या सट्ट्यात ‘आयडी’ मिळते ती व्हॉट्सॲपवर. दिलेल्या क्रमांकावर निरोप टाकायचा, सांगितलेल्या खात्यात पैसे भरायचे, की वापरनाव आणि पासवर्ड येतो. भिलाईच्या तरुणांनी दुबईतून चालवलेले ‘महादेव बुक’ हे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. अंमलबजावणी संचालनालयाच्या म्हणण्यानुसार गावोगावच्या ‘पॅनल’चालकांना ७०-३० अशा वाटणीवर धंदा वाटून दिलेला होता. केंद्र सरकारने ५ नोव्हेंबर २०२३ रोजी महादेवसह २२ ॲप आणि संकेतस्थळे बंद केली. नागपुरात २०२३ च्या जुलैमध्ये एका व्यापाऱ्याने गोंदियाच्या बुकीविरुद्ध तक्रार दिली. व्हॉट्सॲपवरून आलेल्या दुव्याने खाते उघडले आणि आपले ५८ कोटी रुपये गेले, असे त्याचे म्हणणे होते. डाव फिरवणारे यंत्र कुणाच्या हातात आहे, कंपनीचे नाव काय, ती कोणत्या देशातली, हे विचारण्याची सोयच त्या दुव्यात नसते. ओळख पटवायची ती एकाच बाजूने. खेळणारा आधार, पॅन, चेहरा सगळे दाखवतो आणि समोरचा स्वतःचे नावही सांगत नाही. या विषयातली सगळी विषमता या एका गोष्टीत साठलेली आहे.

प्ले स्टोअरबाहेरून, ‘एपीके’ फाइल उतरवून घेतलेली ॲप आणखी पुढे जातात. बसवताना ती फोनमधले संपर्क, संदेश आणि फोटो वाचण्याची परवानगी मागतात. संदेश वाचता आले की बँकेचे ओटीपी वाचता येतात. संपर्क हाती आले की वसुलीच्या धमक्या सासरी, कॉलेजच्या मास्तरांना, गावच्या सरपंचाला जातात. कर्ज देणाऱ्या बनावट ॲपनी ही पद्धत आधीच रुळवली होती आणि जुगारात हरलेला माणूस बहुधा त्याच ॲपच्या दारात जातो. जुगार उघडकीला येईल ही लाज म्हणजे वसुलीवाल्याचे हत्यार. तक्रार न होण्याचे कारणही तेच.

बेकायदा जुगाराला खेळणाऱ्यांइतकीच गरज असते दुसऱ्यांच्या ओळखींची. पैसे आपल्या नावाने घेता येत नाहीत, म्हणून भाड्याची खाती लागतात. पोलीस त्यांना ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात. महिन्याला काही हजार देतो, खाते उघडून पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम आमच्याकडे दे, एवढाच व्यवहार. नोकरीच्या शोधातला पदवीधर, हंगाम संपवून परतलेला ऊसतोड मजूर, शहरात खोली करून राहणारा विद्यार्थी, यांना त्यात वावगे दिसत नाही, कारण आपले काहीच गेलेले नाही असे वाटते. मालेगावात २०२४ च्या अखेरीस असा प्रकार उघड झाला. धंदा किंवा नोकरी देतो असे सांगून गोळा केलेल्या कागदपत्रांवर एका सहकारी बँकेत डझनभर लोकांच्या नावाने खाती उघडली गेली आणि त्यांतून शंभर कोटींहून अधिक रुपये फिरले, असे तपास यंत्रणांनी सांगितले. खात्यांचे मालक बहुतेक साधे तरुण होते. इथे केवायसी तंतोतंत झालेली होती. आधार खरे, पॅन खरे, सही खरी. फसवणूक कागदात नव्हतीच, कागदाच्या वापरात होती. अशा खात्यांचे व्यवहार ओळखणारी ‘म्यूलहंटर’ नावाची प्रणाली रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्राने तयार केली आहे. ती खाते पकडते. खात्यामागचा सूत्रधार पकडणे पोलिसांवरच राहते.

ऑगस्ट २०२५ मध्ये चित्र बदलले. ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन व नियमन करणारे विधेयक २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झाले आणि २२ ला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, या कायद्याने निषिद्ध ठरतो. असा खेळ देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे किंवा पन्नास लाख, पैशांचा व्यवहार करून देणाऱ्या बँकेलाही शिक्षा. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याला पीडित मानले आहे. ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसली आणि २० हजार कोटींहून अधिक रुपये बुडाले, असा सरकारचा अंदाज होता. मोठ्या कंपन्यांनी काही दिवसांत पैशांचे खेळ थांबवले.

बंदीने खासगीपणाचा प्रश्न सुटला नाही, त्याचे रूप बदलले. एकीकडे कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय झडती घेता येते आणि ‘जागा’ या शब्दात संगणकीय साधनेही येतात. दुसरीकडे खेळायची सवय जडलेले लोक परदेशी, नोंदणी नसलेल्या संकेतस्थळांकडे वळण्याचा धोका आहे, आणि तिथे कागद दिले की ते परत मागायला पत्ता नाही. तिसरा प्रश्न क्वचित विचारला जातो: बंद झालेल्या खेळांनी सहा-सात वर्षांत जमवलेल्या कोट्यवधी आधार-प्रतींचे, चेहऱ्यांचे आणि डावांच्या नोंदींचे पुढे काय?

त्याचे उत्तर २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात शोधावे लागते. ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले की ती पुसावी, हे कायद्याचे मूळ तत्त्व. पन्नास लाख किंवा अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या ऑनलाइन गेमिंग कंपनीसाठी नियमांनी मुदतही घातली आहे: वापरकर्ता तीन वर्षे फिरकला नाही तर माहिती पुसायची आणि पुसण्याआधी ४८ तास कळवायचे. करविषयक कायद्यांनी जपायला लावलेले हिशेब याला अपवाद. माहिती घेण्यापूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायला मिळण्याचा हक्क आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीशिवाय घेता येत नाही. माहिती सुरक्षित न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. यांतल्या बहुतेक तरतुदी नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी, मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत.

मधल्या काळात माणसाच्या हातात काही साध्या गोष्टी आहेत. आधारच्या संकेतस्थळावर बायोमेट्रिक कुलूपबंद करता येते, मागच्या सहा महिन्यांत आपले आधार कुठे पडताळले गेले ते पाहता येते आणि मूळ क्रमांकाऐवजी सोळा अंकी आभासी क्रमांक देता येतो. दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’वर आपल्या नावाने किती सिम चालू आहेत ते कळते. आपल्या नावाने कुणी कर्ज काढले आहे का हे पतअहवालात दिसते. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर पहिल्या काही तासांत केलेल्या तक्रारीला मोल आहे, कारण रक्कम भाड्याच्या खात्यांच्या साखळीत पुढे सरकण्याआधी थोपवता येते. खाते भाड्याने दिलेल्या तरुणाने खाते गोठण्याची वाट न पाहता बँकेला आणि पोलिसांना लेखी कळवणे त्याच्याच हिताचे असते. नंतरचा खुलासा फारसा ऐकून घेतला जात नाही.

भरपाईचा मार्ग वेगळा आहे आणि तो फारसा कुणाला ठाऊक नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३-अ आणि त्याखालचे २०११ चे नियम अजून जिवंत आहेत. पासवर्ड, बँकेचे तपशील, बायोमेट्रिक अशी नाजूक माहिती एखाद्या कंपनीच्या निष्काळजीपणामुळे फुटली आणि त्यातून नुकसान झाले, तर पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, निवाडा अधिकारी म्हणून, चालतो. धाराशिवच्या माणसासाठी याचा अर्थ मुंबईत मंत्रालयात अर्ज. नवा कायदा पूर्ण लागू होईल त्या दिवशी हे कलम रद्द होईल. त्यानंतर तक्रार विदा संरक्षण मंडळाकडे घरबसल्या ऑनलाइन करता येईल, पण मंडळाने ठोठावलेला दंड भारताच्या संचित निधीत जमा होईल. ज्याचे आधार फुटले, ज्याचे खाते रिकामे झाले, त्याला त्यातून भरपाई देण्याची तरतूद नव्या कायद्यात नाही.